हलकं लिनक्स टाकलं तरी जुना संगणक पुन्हा अडकतो : डिस्ट्रो बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट थांबले, विंडोज ११ जुन्या मशीनवर बसत नाही, म्हणून कुणीतरी लिनक्स मिंट टाकून दिलं. सुरुवातीला मशीन पळालं. मग हळूहळू जुनंच दुखणं परत आलं. माउसचा बाण जागेवर गोठतो, हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो, आणि बऱ्याच वेळानं अडलेली सगळी क्लिक एकदम अंगावर येतात. मग कुणी सांगतं लुबंटू टाका. तेही काही आठवडे बरं चालतं. मग पपी. शेवटी निकाल लागतो की लिनक्स काही खरं नाही.

या सगळ्यात डिस्ट्रोचा, म्हणजे मिंट, लुबंटू, पपी अशा लिनक्सच्या तयार संचांचा, दोष सगळ्यात कमी असतो. एक्सएफसीई हा डेस्कटॉप असलेलं मिंट आणि आइसडब्ल्यूएम हा नुसत्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम असलेलं अँटीएक्स, दोन्ही नुसती उघडून ठेवली तर रॅममध्ये काहीशे एमबीचा फरक दिसतो. व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि जाहिरातींनी भरलेलं एखादं बातम्यांचं संकेतस्थळ तेवढी रॅम सहज खातात. नवं इन्स्टॉल वेगवान वाटतं कारण त्यात ब्राउझर रिकामा असतो, डिस्क मोकळी असते आणि पार्श्वभूमीवर फारसं काही चालत नसतं. वापर सुरू झाला की हे तिन्ही फायदे जातात. म्हणून पेनड्राइव्ह पुन्हा तयार करण्याआधी मशीन नेमकं कुठे अडतं ते बघा.

अडकतं त्या क्षणी काय बघायचं

मशीन चालू केल्याकेल्या टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडून ठेवा. त्यात व्हीएमस्टॅट, मग एक जागा सोडून १ असं टाइप करा आणि एंटर मारा (अक्षरं अर्थातच छोटी इंग्रजी). दर सेकंदाला आकड्यांची एक ओळ उमटत राहील. पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या. आता नेहमीचं काम करा आणि मशीन अडकलं की या खिडकीकडे बघा.

एसआय आणि एसओ हे दोन रकाने स्वॅपचे, म्हणजे रॅम भरली की डिस्कवर वापरायच्या जागेचे. अडकलेल्या वेळात तिथे सतत मोठे आकडे पळत असतील तर रॅम संपली आहे. मशीन रॅममधला माल डिस्कवर टाकतंय आणि परत उचलतंय, दुसरं काही करायला त्याला सवड नाही. हे दोन रकाने शून्याजवळ आहेत पण डब्ल्यूए हा रकाना फुगला आहे, तर रॅम पुरेशी आहे आणि प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसला आहे. दोन्ही शांत, आणि आयडी म्हणजे रिकाम्या वेळेचा आकडा शून्यावर आला असेल तर प्रोसेसरच कमी पडतोय. तिथे कारण बहुधा व्हिडिओ किंवा उष्णता असतं.

चौथी शक्यता वेगळीच. ओळी उमटायच्याच थांबतात, बाण हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवाही बदलत नाही आणि बटण दाबून बंद करण्याशिवाय इलाज उरत नाही. हा मंदपणा नव्हे, मशीन पूर्ण गोठलं आहे. इंटेलच्या बे ट्रेल पिढीतले सेलेरॉन आणि पेंटियम (एन२८३०, एन२८४०, एन३५४० वगैरे) असलेल्या स्वस्त लॅपटॉपवर हा आजार फार जुना आहे. ग्रबमधल्या (मशीन सुरू होताना लिनक्स चढवणारा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीत इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ हे वाढवलं की बहुतेक वेळा थांबतो. बॅटरी थोडी लवकर उतरते, पण मशीन उभं राहतं. प्रोसेसर दुसरा असेल तर रात्रभर मेमटेस्ट८६+ चालवून रॅम तपासा. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात साध्या खोडरबरनं पुसून पट्टी परत बसवली की बरीच डेस्कटॉप मशीनं सुधारतात, हे दुरुस्तीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

रॅम कमी पडत असेल तर

फ्री -एच ही कमांड दिली की बहुतेकांची नजर चुकीच्या रकान्यावर जाते. फ्री लिहिलेला आकडा लहान दिसतो आणि लोक घाबरतात. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की लगेच सोडतं. बघायचा तो अव्हेलेबल हा रकाना. तो तीनचारशे एमबीच्या खाली जाऊन तिथेच राहत असेल तर खरी टंचाई.

पैसे न घालवता होणारा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे झेडरॅम. रॅमचाच एक भाग दाबून ठेवलेल्या स्वॅपसारखा वापरला जातो, आणि त्यात माल साधारण दोन ते तीन पट दाबून बसतो. डिस्कवर लिहिण्यापेक्षा हे कितीतरी वेगवान. डेबियन आणि एमएक्स या डिस्ट्रोंवर झेडरॅम-टूल्स हे पॅकेज घ्या. मग इटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्टच्या आत झेडरॅमस्वॅप ही फाइल उघडून पर्सेंट ५० करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. २ जीबीच्या मशीनवर फरक स्पष्ट जाणवतो. इथे एक सावधगिरी. जुन्या लेखांमध्ये स्वॅपीनेस (स्वॅप किती लवकर वापरायचा ते ठरवणारा आकडा) ६० वरून १० वर आणा असं डोळे झाकून सांगितलेलं असतं. तो सल्ला हार्ड डिस्कवरच्या स्वॅपसाठी होता. झेडरॅम असेल तर उलट करायचं, १०० किंवा त्याहून जास्त ठेवायचं, नाहीतर झेडरॅम घेतलं त्याचा उपयोगच होत नाही.

अर्लीऊम हे छोटं पॅकेजही टाका. रॅम आणि स्वॅप दोन्ही तळाला गेले की ते सगळ्यात जड प्रोसेस मारतं. ब्राउझरचा एखादा टॅब मरतो, पण मशीन हातात राहतं.

रॅम वाढवणार असाल तर आधी बोर्डची मर्यादा बघा. आपल्याकडे अजूनही सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकानं आणि शाळांच्या संगणक खोल्यांमध्ये इंटेल जी३१ चिपसेटचे डेस्कटॉप दिसतात. त्यांना डीडीआर२ लागते आणि एकूण ४ जीबीच्या पुढे ते जात नाहीत. जी४१ असेल तर ८ पर्यंत जाता येतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन डीडीआर२ची ४ जीबीची एकच पट्टी फार स्वस्तात दिसली तर थांबा. त्यातल्या बऱ्याच पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डवर चालणाऱ्या असतात, इंटेलवर मशीन नुसतं बीप करतं. लॅपटॉपचं वेगळं आहे. हॅसवेल, म्हणजे चौथ्या पिढीपासून पुढच्या बहुतेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. साधी १.५ व्होल्टची पट्टी खाचेत बसते, पण चालत नाही. दुकानदाराला पट्टीवरचं पीसी३एल हे नाव दाखवून मागा.

डिस्क अडत असेल तर

मिंटमध्ये डिस्क्स नावाचं साधन आधीच असतं. त्यात स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, उघडा. दोन ओळींकडे लक्ष द्या, रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर. दुसरा आकडा शून्याच्या वर असेल तर आजच फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, बाकी सगळं नंतर. त्या डिस्कवर कुठलीही डिस्ट्रो टाकली तरी ती खराब जागा वाचताना पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसणार.

डेस्कटॉपवर आणखी एक ओळ महत्त्वाची, क्रमांक १९९ची, यूडीएमए सीआरसी एरर. हा आकडा वाढत असेल आणि वरचे दोन्ही शून्य असतील तर डिस्क धडधाकट आहे, ती बोर्डला जोडणारी साटा केबल खराब आहे. केबल किरकोळ पैशांत मिळते आणि तिच्यापायी लोक अख्खी डिस्क फेकतात.

डिस्क निरोगी असून मंद असेल तर ती जात्याच मंद आहे. फिरणारी डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, पण विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा जागा बदलू शकते. प्रोग्राम उघडताना नेमकं हेच काम असतं. म्हणून साटा एसएसडी (न फिरणारी डिस्क) हा जुन्या मशीनवरचा पहिला खर्च, रॅमच्याही आधी. जुन्या बोर्डचा साटा ३ गिगाबिटचा आहे म्हणून एसएसडी वाया जाईल ही भीती खोटी. वरचा वेग पूर्ण मिळत नाही, पण जागा शोधण्याचा वेळ जवळजवळ नाहीसा होतो आणि फरक तिथेच पडतो. १२० जीबीची पुरते.

काही आठवड्यांनी पुन्हा मंद होण्याचं एक कारण फार साधं असतं, आणि ते क्वचितच कुणी तपासतं. डिस्क भरलेली असते. डीएफ -एच द्या. मूळ विभाग, तिरप्या रेघेनं दाखवतात तो, ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर टाइमशिफ्ट हे सिस्टमच्या जुन्या प्रती ठेवणारं साधन उघडा. मिंट पहिल्याच दिवशी ते चालू करा म्हणून मागे लागतं, लोक हो म्हणतात, आणि ३० जीबीच्या विभागात रोजच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या प्रती साचत जातात. आठवड्याच्या दोन प्रती ठेवा, बाकी काढा. अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह दिलं की जुने कर्नलही जातात.

उबंटूच्या घराण्यातल्या डिस्ट्रोंवर, लुबंटूसकट, फायरफॉक्स स्नॅप (लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) स्वरूपात येतो. हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला बराच वेळ घेतो, आणि स्नॅप दिवसातून चार वेळा स्वतःहून अपडेट शोधतं. मिंट स्नॅप बंद ठेवतं आणि फायरफॉक्स साध्या पॅकेजमध्ये देतं. जुन्या मशीनवर मी लुबंटूच्या आधी मिंट किंवा एमएक्स सुचवतो, त्यामागे हे मोठं कारण आहे.

एप्रिल-मे

नागपूर, अकोला, परभणीकडच्या तक्रारी उन्हाळ्यात वाढाव्यात यात नवल नाही. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो. एलएम-सेन्सर्स टाकून सेन्सर्स कमांड द्या. काही न करता ७० अंशांच्या वर असेल तर पंखा आणि हीटसिंकमधला धुळीचा गठ्ठा काढा आणि थर्मल पेस्ट बदला. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका. एवढंच.

आता डिस्ट्रो

आधी मशीन ३२ बिट आहे की ६४ ते नक्की करा. कोअर २ ड्युओ ६४ बिट आहे. त्यावर विंडोज ७ची ३२ बिट आवृत्ती टाकलेली असायची म्हणून मशीनच ३२ बिट आहे असा समज पसरला. एलएससीपीयू दिलं की ऑप-मोड या ओळीत दोन्ही दिसतील. खरोखर ३२ बिट म्हणजे आकड्याशिवायचा कोअर ड्युओ, पेंटियम एम, आणि छोट्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७०.

६४ बिट, ४ जीबी आणि एसएसडी असेल तर विचार करत बसू नका, मिंट एक्सएफसीई. २२ या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मशीन घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असेल तर हे आणखीच खरं, कारण अडचण आली तर शेजारच्या पोरालाही ते ओळखीचं वाटतं.

२ ते ३ जीबी असेल तर एमएक्स लिनक्स. ते डेबियनवर उभं आहे, २०१४मध्ये अँटीएक्स आणि पूर्वीच्या मेपिस या डिस्ट्रोच्या मंडळींनी मिळून सुरू केलं. त्याची स्वतःची साधनं फार कामाची आहेत, विशेषतः सगळी मांडामांड जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवणारं स्नॅपशॉट. शाळेत दहा सारखी मशीनं असतील तर एक नीट बसवा आणि उरलेल्यांवर तेच टाका.

१ ते २ जीबीला अँटीएक्स. दिसायला रुक्ष, पहिल्या दिवशी कुणालाच आवडत नाही. पण आइसडब्ल्यूएम इतक्या कमी रॅममध्ये उभं राहतं की २ जीबीच्या मशीनवर ब्राउझरला खरी जागा उरते. पपी वेगळ्या कामाचं. ते रॅममध्ये चढून चालतं, म्हणून डिस्क मेलेल्या मशीनवर पेनड्राइव्हनं काम भागवायला उत्तम. रोजच्या वापराला मी ते देत नाही, अपडेटची पद्धत सामान्य माणसाला झेपत नाही.

लुबंटू ५१२ एमबीला चालतं असं सांगणारे लेख अजून फिरतात. ते १८.०४ आणि त्याआधीच्या, एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपच्या काळातले. १८.१०पासून लुबंटू एलएक्सक्यूटीवर गेलं, आणि जुनी मशीनं हा आपला मुख्य रोख राहिला नाही हे त्यांनी २०१८मध्येच सांगून टाकलं.

खऱ्या ३२ बिट मशीनबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. क्रोमनं ३२ बिट लिनक्स २०१६मध्ये सोडलं. डेबियनची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली ती ३२ बिट इन्स्टॉलरशिवाय. फायरफॉक्सची १४४ ही ३२ बिट लिनक्सवरची शेवटची आवृत्ती, आणि १४० ईएसआर या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला सुरक्षा अपडेट किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत असं मोझिलानं जाहीर केलं. डेबियन १२वर उभं असलेलं अँटीएक्स २३ टाकून ते मशीन टायपिंग, हिशेब, गाणी, मुलांचे खेळ यांना ठेवा. बँकेचा व्यवहार त्यावर करू नका. आणि ग्राफिक्स जीएमए ५०० किंवा ३६०० असेल (अ‍ॅटम एन२६०० वगैरे), तर लिनक्सवर त्याचा धड ड्रायव्हरच नाही. तिथे वेळ घालवू नका.

ब्राउझर

इथेच खरी लढाई आहे. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या जागी अबाउट:प्रोसेसेस लिहा. कुठला टॅब किती रॅम आणि प्रोसेसर खातोय ते नावानिशी दिसतं. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. मराठी बातम्यांच्या पानांवर याने जो फरक पडतो तो कुठल्याही डिस्ट्रोने पडत नाही. बाकी एक्स्टेन्शन काढून टाका. हार्ड डिस्क असेल तर अबाउट:कॉन्फिगमध्ये ब्राउझर.सेशनस्टोअर.इंटरव्हल शोधा. तिथे १५००० असतं, म्हणजे उघड्या टॅबची नोंद दर १५ सेकंदांनी डिस्कवर लिहिली जाते. ते ३००००० करा.

यूट्यूब अडखळण्याचं कारण वेगळं आहे. यूट्यूब शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ या स्वरूपात चित्र पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीची ग्राफिक्स व्हीपी९ पूर्णपणे स्वतः उलगडत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. दुसऱ्या पिढीचा आय३सुद्धा एच.२६४ मात्र आरामात उलगडतो. म्हणून एनहान्स्ड-एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन टाकून एच.२६४च घ्यायला लावा आणि चित्र ४८०वर ठेवा. कोअर २ ड्युओवर तेही जड गेलं तर एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर आणि यूट्यूबवरून व्हिडिओ आणणारं वायटी-डीएलपी ही जोडी. दुवा एमपीव्हीच्या खिडकीत ओढून टाकला की ब्राउझरशिवाय व्हिडिओ चालतो.

बाकी सॉफ्टवेअरची फार चर्चा नको. पीडीएफला क्यूपीडीएफव्ह्यू, साध्या मजकुराला माउसपॅड, फायलींना पीसीमॅनएफएम किंवा थुनार. हलकं म्हणून अबीवर्ड सगळे सुचवतात, पण बाहेरून आलेल्या वर्डच्या फायली त्यात विस्कटतात. लिब्रेऑफिसच ठेवा, त्याच्या पर्यायांतल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन जावा बंद करा, उघडायला कमी वेळ लागतो.

मराठीची अडचण

अँटीएक्स किंवा पपीवर मराठीच्या जागी चौकोन दिसले तर डेबियनच्या भांडारातून फॉन्ट्स-लोहित-देवा घ्या. टायपिंगसाठी सगळे आयबस हे वेगवेगळ्या भाषांत लिहू देणारं पॅकेज सांगतात. इनस्क्रिप्ट येत असेल तर त्याची गरज नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडणीखाली मराठी इनस्क्रिप्ट असतंच, ते जोडा आणि बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठेवा. जादा रॅम लागत नाही. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहायचं असेल तर आयबस आणि एम१७एन लागतील. आणि श्री-लिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली जुनी फाइल अगम्य चिन्हांत उघडली तर त्यात लिनक्सचा दोष नाही. तोच फॉन्ट टाका किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

रोज सकाळी संकेतस्थळं उघडत नाहीत

मशीन ठीक आहे, नेट आहे, तरी प्रत्येक पान सुरक्षित नाही म्हणतं आणि अपडेटही नकार देतात. कोपऱ्यातली तारीख बघा. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्या तारखेला वैध ठरत नाहीत. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख आणि बूटचा क्रम पुन्हा लावा, कारण सेल काढला की सगळं मूळ स्थितीला जातं. घड्याळ बरोबर साडेपाच तासांनीच चुकत असेल आणि त्याच मशीनवर विंडोजही असेल तर सेल विकत घेऊ नका. विंडोज बोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं आणि लिनक्स तीच वेळ ग्रिनिचची समजतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ ही कमांड एकदा दिली की दोघांचं जमतं.